उंच आसन आणि सभोवारचे भान

नवे वाहन घेतले की ते देवळाच्या आवारात आणून त्यावर आशीर्वाद मागण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आमच्या धर्मगुरुपदाच्या सुरुवातीच्या वर्षांत मोटारसायकली येत, भाजीचे टेम्पो येत, कुणाची जुनी विकत घेतलेली मारुती ८०० येई. गेल्या दहा वर्षांत मात्र आवारात उभ्या राहणाऱ्या वाहनांचा चेहरामोहराच पालटला आहे. ती जमिनीपासून उंच असतात, त्यांचे बॉनेट छातीसारखे पुढे आलेले असते आणि चाकांवरच्या कमानी काळ्या, भारदस्त दिसतात. त्यांना 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतात. वाहनाभोवती कुटुंब गोळा होते, आजीला पुढच्या आसनावर बसवून छायाचित्र काढले जाते, आम्ही पवित्र पाणी शिंपडतो आणि पेढा हातात घेतो. वाहनाची निवड हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा व आवडीचा प्रश्न आहे, तेथे सदसद्विवेकबुद्धीला फारसे काम नाही, अशीच आमचीही समजूत होती. हा प्रश्न आमच्याच दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हा ती समजूत टिकली नाही.

झाले असे, की आमच्या धर्मग्रामाच्या छोट्या मोटारीला पंधरा वर्षे पूर्ण झाली. नोंदणीचे नूतनीकरण करावयाचे, तर त्याआधी इतकी दुरुस्ती करावी लागणार होती की गॅरेजवाल्यानेच मान हलवली. अर्थसमितीची बैठक भरली. समितीतील तरुण सभासदांनी आठ-दहा वाहनांचा तक्ताच तयार करून आणला होता : किंमत, लांबी, इंधन, एअरबॅग्ज, जमिनीपासूनची उंची. सर्वांचे बोट एकाच रकान्याकडे वळत होते. "फादर, आता छोटी गाडी घेऊ नका. रस्ते असे आहेत, पावसाळा असा आहे आणि तुम्हाला रात्री-अपरात्री रुग्णांकडे जावे लागते. उंच गाडीच हवी." त्यांच्या आग्रहात माया होती, आणि आम्हांलाही तो आग्रह गोड वाटला, हे येथेच कबूल केलेले बरे.

या वाहनांची कुळकथा थोडी समजून घेतली पाहिजे. त्यांची पणजी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील जीप. चिखलात, दगडधोंड्यांत, रस्ता नसेल तेथे चालण्यासाठी ती घडवलेली होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली, आणि पुढे कितीतरी वर्षे ती वनखाते, पोलीस आणि आडगावचे डॉक्टर यांचे वाहन म्हणून ओळखली गेली. खाली पोलादी शिडीसारखी चौकट, वर डबा आणि चारही चाकांना जोर, असा तिचा बांधा. आजची कॉम्पॅक्ट एसयूव्ही दिसायला त्या घराण्यातली असली, तरी बांध्याने बहुधा दुसऱ्याच घरची असते. तिचा सांगाडा छोट्या मोटारीसारखाच एकसंध असतो आणि जोर सामान्यतः पुढच्या दोनच चाकांना असतो. पुष्कळदा एकाच पायावर कंपनी एक बुटकी मोटार आणि एक उंच मोटार उभारते. टाटांची अल्ट्रोझ आणि पंच, मारुतीची बलेनो आणि फ्राँक्स ही जोडपी याची उदाहरणे आहेत. यात फसवणूक नाही. परंतु आपण विकत घेतो ती डोंगर चढण्याची शक्ती नसून त्या शक्तीची आठवण करून देणारा आकार असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

हा आकार आपल्याकडे इतका का वाढला, याचे एक उत्तर करांच्या कायद्यात आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला गेला. लहान मोटार कोणती? तर जिची लांबी ४ मीटरपेक्षा अधिक नाही, आणि जिचे इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटीमीटरपर्यंत आहे ती. हेतू असा, की सामान्य कुटुंबाला छोटे वाहन परवडावे. पण कायद्याने लांबी मोजली, उंची मोजली नाही. लांबीला कुंपण पडले तेव्हा वाहने वर वाढली. २०१३ साली फोर्डची इकोस्पोर्ट आली, २०१६ मध्ये मारुतीची व्हिटारा ब्रेझा, २०१७ मध्ये टाटांची नेक्सॉन, २०१९ मध्ये ह्युंदाईची व्हेन्यू. सर्वांची लांबी चार मीटरच्या आतच थांबलेली. ब्रेझाची तर ३९९५ मिलिमीटर, म्हणजे रेषेच्या अलीकडे जेमतेम करंगळीचे अर्धे पेर. जीएसटी आल्यावरही ही रेषा पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांत रेषेच्या आतील वाहनाला १८ टक्के आणि बाहेरील मोठ्या वाहनाला ४० टक्के कर आहे. आपल्याला जे आपल्या मनातून उगवलेले वाटते, त्याचे बी असे कुठेतरी दूरच्या कागदावर पेरलेले असू शकते. म्हणूनच 'मला हेच आवडते' एवढ्या उत्तरावर विवेकाने समाधान मानू नये. ही आवड माझ्या मनात आली कोठून, हे विचारण्याचा हक्क त्याला आहे.

असो. विक्रेत्याकडे जाऊन आम्ही त्या उंच आसनावर बसलो. वाचकहो, ते सुख नाकारण्यात अर्थ नाही. पाय सरळ आत जातात, पाठ ताठ राहते आणि समोरचा रस्ता दूरपर्यंत उलगडून दिसतो. पुढे चाललेल्या रिक्षाच्या टपावरून नजर पलीकडे जाते. जिच्यातून आम्ही पंधरा वर्षे वाकून बाहेर पडत आलो, ती आमची जुनी मोटार त्या क्षणी केविलवाणी वाटली. विक्रेता चतुर होता. तो म्हणाला, "फादर, या गाडीत बसलं की रस्त्यावर मान मिळतो." आम्ही हसलो, पण त्याचे वाक्य कानात राहिले, कारण ते खोटे नव्हते. अगदी तेच आम्हांला जाणवत होते.

समितीच्या सर्वांना पाहता यावे म्हणून ते वाहन चाचणीसाठी आवारात आणले. वयस्क मंडळींना बसवून पाहिले. आमच्या भागातील एक आजी दर आठवड्याला रुग्णालयात जातात. त्यांचे दोन्ही गुडघे निकामी झाले आहेत. जुन्या मोटारीत बसताना त्यांना दोघांनी धरावे लागे. या आसनावर त्या एकट्या बसल्या आणि म्हणाल्या, "फादर, त्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं. ही आपली खुर्चीसारखी आहे." हे ऐकून आमचा निर्णय जवळजवळ झालाच होता.

वाहन परत नेण्यासाठी आम्ही चाकामागे बसलो, इंजिन सुरू केले आणि समोर पाहिले. आवार रिकामे होते. ब्रेकवरून पाय उचलणार, एवढ्यात फाटकाजवळून एका बाईंनी "थांबा, थांबा!" अशी किंकाळी फोडली. आम्ही पाय घट्ट दाबला. क्षणभराने बॉनेटच्या कडेवर काळ्या केसांचा एक झुबका दिसला आणि मग एक चेहरा वर आला. चार वर्षांचा मुलगा चाकाजवळ गेलेला चेंडू घ्यायला वाकला होता. चेंडू उंच धरून तो आमच्याकडे पाहून हसला आणि पळून गेला. काहीच झाले नाही. आम्ही मात्र इंजिन बंद करून बराच वेळ तसेच बसून राहिलो. आवार रिकामे आहे असे आमचे डोळे शपथेवर सांगत होते, आणि ते खोटे होते.

त्या रात्री आम्ही कागदावर एक साधे गणित मांडले. उदाहरणापुरते समजा, चालकाचे डोळे जमिनीपासून १४० सेंटीमीटरवर आहेत आणि त्यांच्यापुढे दोन मीटरवर बॉनेटची कड १०० सेंटीमीटर उंचीवर आहे. डोळ्यांतून निघून त्या कडेला स्पर्श करणारी रेषा पुढे खाली उतरत जाते. ६० सेंटीमीटर उंचीचे, म्हणजे वाकलेले मूल बॉनेटपुढे दोन मीटरपर्यंत कुठेही असले, तरी ते या रेषेखाली राहते व दिसत नाही. बुटक्या मोटारीत डोळे १२० वर आणि कड ८० वर धरली, तर हे झाकलेले अंतर एक मीटर होते. म्हणजे जुन्या मोटारीसमोरही ते मूल दिसले नसते, असे होऊ शकते; उंच वाहन निर्दोष जगात दोष घेऊन आले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु आंधळी जागा दुप्पट झाली, हेही तितकेच खरे. ज्या उंचीने शंभर मीटरवरचे अधिक दाखवले, तिनेच दोन मीटरवरचे झाकले.

येथे आम्हांला सेमिनरीतील नीतिशास्त्राचा एक तास आठवला. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात विवेक या सद्गुणाची आठ अंगे सांगितली आहेत. स्मरण, आकलन, शिकण्याची तयारी, तत्परता, तर्क ही पहिली पाच. त्यांपुढे तीन येतात : दूरदृष्टी, सभोवारचे भान आणि सावधगिरी. दूरदृष्टी म्हणजे साध्याकडे, पुढे काय येणार आहे त्याकडे पाहणे. सभोवारचे भान म्हणजे आपण जे करणार आहोत ते या ठिकाणी, या वेळी, या माणसांमध्ये योग्य आहे का ते पाहणे. त्या लॅटिन शब्दाचा शब्दशः अर्थच 'भोवताली पाहणे' असा आहे. विद्यार्थिदशेत आम्हांला ही दोन अंगे वेगळी का सांगितली, हे कोडे वाटे; दूरचे पाहणाऱ्याला जवळचे दिसणारच, असे आम्ही धरून चाललो होतो. दोन्ही दृष्टी एकाच आसनावरून मिळतीलच असे नाही, हे आम्हांला तीस वर्षांनंतर एका मुलाच्या केसांच्या झुबक्याने शिकवले.

हेच सूत्र धरून पाहिले, तर वाहनाच्या निवडीतील बहुतेक युक्तिवाद दूरदृष्टीचे असतात, हे ध्यानात येते. पावसाळ्यात पाणी साचले तर? जुलै २०१८ मध्ये आपल्या वसई-विरारमध्ये पाणी साचले, ते कुणी विसरलेले नाही. पण तक्त्यातील आकडे नीट वाचा. मारुती स्विफ्टची जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर आणि ब्रेझाची १९८. फरक साडेतीन सेंटीमीटरांचा, म्हणजे आडव्या धरलेल्या दोन बोटांचा. खड्ड्यांसाठी आणि गतिरोधकांसाठी ही दोन बोटे खरोखर उपयोगी आहेत. परंतु रस्त्यावर गुडघाभर पाणी असेल, तेव्हा दोन्ही वाहने घरीच राहिली पाहिजेत. वर्षातून कधीतरी घाट चढायचा असतो, कधीतरी गावी जायचे असते, हेही खरेच. प्रश्न इतकाच, की वर्षाचे ३६५ दिवस मोजले, तर त्यांतील किती दिवसांसाठी आपण वाहन घेत आहोत? पाच दिवसांच्या भीतीसाठी घेतलेले वाहन उरलेले ३६० दिवस शाळेच्या गल्लीतून चालते.

आणि आपल्या गल्ल्या कशा आहेत? वसईच्या पश्चिम पट्ट्यातील पुष्कळ रस्ते मुळात बैलगाडीच्या मापाचे. दोन्हीकडे वाड्यांची कुंपणे. एखादी गल्ली तीन मीटर रुंद आहे असे धरा. मारुती ८०० ही १४४ सेंटीमीटर रुंद होती. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून १५६ सेंटीमीटर जागा उरे. ब्रेझाची रुंदी १७९ सेंटीमीटर. उरतात १२१, आणि त्यातही आरसे बाहेर आलेले. जे पस्तीस सेंटीमीटर आपण घेतले, ते कुणीतरी दिले. भाजीची पाटी घेऊन निघालेल्या बाईने कुंपणाला पाठ टेकवून दिले, सायकलवरून शाळेला निघालेल्या मुलीने गटाराच्या कडेला उतरून दिले. तिने तक्रार केली नाही, म्हणून ते आपले झाले असे नाही. बाजूला सरणाऱ्या माणसांना पाहून विक्रेता ज्याला 'मान' म्हणतो, त्यात आदर किती आणि धाक किती, याची झडती प्रत्येकाने आपल्यापुरती घ्यावी. आम्ही आमच्यापुरती घेतली, आणि उत्तर सुखावह नव्हते.

यावर सर्वांत वजनदार उत्तर सुरक्षिततेचे असते, आणि ते हलक्याने झटकता येत नाही. आपल्या मुलाबाळांना सुरक्षित वाहनात बसवावे, हे आईबापांचे कर्तव्यच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले. भारतीय मोटारीला असे पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्यानंतर ग्राहक सांगाड्याच्या मजबुतीबद्दल विचारू लागला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी-योजना लागू झाली. या गोष्टींचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, तारे उंचीला मिळत नाहीत. ते सांगाड्याला, पट्ट्यांना आणि एअरबॅग्जना मिळतात. बुटक्या मोटारीलाही ते मिळू शकतात, आणि उंच वाहनाचा गुरुत्वमध्य वर असल्याने ते वळणावर अधिक कलते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जाहिरातीत झळकणारे तारे प्रामुख्याने आत बसलेल्यांचे संरक्षण मोजतात. पादचाऱ्यांसाठीही नियम आहेत, पण त्यांचे तारे कुणी दारावर चिकटवत नाही.

बाहेर कोण आहे? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवर होती आणि १९.५ टक्के पायी चालणारी होती. दोहोंची बेरीज ६४ टक्के. म्हणजे शंभरातील चौसष्टांना ना सांगाडा होता, ना एअरबॅग. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये पादचाऱ्यांना धडक बसल्याच्या सुमारे १८ हजार घटना तपासल्या. ज्या वाहनांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक होती, त्यांच्या धडकेत मृत्यू ओढवण्याचा संभव ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळला. तिकडची अवजड वाहने आणि आपली चार मीटरची वाहने यांत फरक आहे. तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण कारण सर्वत्र सारखेच आहे. बुटके बॉनेट पायांना लागते आणि माणूस त्यावर पडतो. उंच बॉनेट कंबरेला, छातीला लागते आणि माणूस खाली ढकलला जातो. मुलाच्या बाबतीत तर जी कड प्रौढाच्या कंबरेशी येते, ती त्याच्या डोक्याशी येते.

काहीजण म्हणतात, "सगळेच उंच गाड्या घेत आहेत. माझी एकट्याची छोटी राहिली, तर धडकेत मीच चिरडला जाईन." या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच ते घातक आहे. सणाच्या नाटकाला पुढच्या रांगेतील एक माणूस चांगले दिसावे म्हणून उभा राहतो. मग त्याच्यामागचा उभा राहतो. थोड्या वेळाने सारा मांडव उभा असतो. बसून जेवढे दिसत होते त्याहून अधिक कुणालाच दिसत नाही, पाय तेवढे सर्वांचे दुखतात, आणि जी लहान मुले व ज्या म्हाताऱ्या उभ्या राहू शकत नाहीत, त्यांना मुळीच दिसत नाही. भीतीने केलेली प्रत्येक निवड शेजाऱ्याच्या भीतीत भर घालते. असे असले, तरी मांडवात एकट्यानेच खाली बसून राहावे, असे आम्ही सरसकट कुणाला सांगणार नाही. तीन मुलांच्या बापाने मजबूत वाहन घेतले, तर त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही एवढेच सुचवू, की मजबुती शोधताना उंचीची आणि रुंदीची भर त्यात आपोआप घालू नये. त्या वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची किंमत वेगळा माणूस चुकवतो.

धर्मगुरूच्या वाहनाबद्दल तर एक ओळखीचा दंडक आमच्यासमोर होताच. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०१३ मध्ये सेमिनरीतील विद्यार्थ्यांशी व नवशिक्या धर्मभगिनींशी बोलताना सांगितले होते, की एखादा धर्मगुरू वा धर्मभगिनी अगदी नव्या थाटाच्या मोटारीत दिसली की त्यांना वेदना होतात. मोटार कामासाठी लागते, पण ती साधी असावी. हे वाचून 'सर्वांत स्वस्त ते घ्यावे' असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण साधेपणाचाही अहंकार असतो. आपल्या नम्रतेची मोटार लोकांना दिसावी म्हणून गुडघे गेलेल्या आजींना दर आठवड्याला विहिरीत उतरवायचे, हा कुठला साधेपणा? त्यांच्या गुडघ्यांना त्या काही इंचांची खरी गरज होती. ती गरज आमच्या सुखाशी जुळत होती, म्हणून खोटी ठरत नव्हती. आमचे सुख त्या गरजेच्या पदराआड लपत होते, म्हणून ते निर्मळही ठरत नव्हते.

अखेरीस बैठकीत आम्ही चार प्रश्न ठेवले. पहिला, या वाहनात नेहमी कोण बसणार? दुसरा, ते नेहमी कोठून जाणार? तिसरा, त्याच्या पुढे, मागे आणि बाजूला कोण असणार? चौथा, आपण जे अधिक मागत आहोत ते गरजेपोटी, भीतीपोटी की मानापोटी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर उंच आसनाकडे बोट दाखवत होते. दुसऱ्याचे व तिसऱ्याचे छोट्या बांध्याकडे. चौथ्यावर थोडा वेळ शांतता पसरली. मग तक्ता आणणाऱ्या तरुणांपैकीच एकजण म्हणाला, "फादर, यादीतली मोठी नावं मी मानापोटीच घातली होती." त्याच्या त्या एका वाक्याने बैठक सोपी झाली.

आम्ही उंच आसनाच्या वाहनांतील सर्वांत आखूड व अरुंद असे वाहन घेतले. समितीने प्रथम सुचवलेल्यापेक्षा ते बरेच लहान आणि स्वस्त आहे. हा निर्णय निष्कलंक आहे असा आमचा दावा नाही. एका बाजूला आजींचे गुडघे होते आणि दुसऱ्या बाजूला चेंडूमागे वाकलेला मुलगा. दोघेही आमचेच. एकाला पूर्ण न्याय दिला असता, तर दुसऱ्यावर अन्याय झाला असता. अशा वेळी निवड करूनही माणूस ऋणमुक्त होत नाही. जी उंची आम्ही घेतली, तिचे देणे अंगावर राहिले आहे आणि ते रोज थोडे थोडे फेडायचे आहे.

ते कसे फेडावे? गल्लीत वेग ताशी वीस किलोमीटरच्या वर जाऊ न देणे, हा एक हप्ता. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीसऐवजी चाळीसच्या वेगाने गेले तर तो सुमारे पावणेदोन पट होतो. म्हणून चालकाच्या हाती असलेली सर्वांत मोठी दया म्हणजे उजव्या पायाची दया. समोरून पाटी घेऊन कुणी येत असेल, तर आपण थांबून त्यांना आधी जाऊ देणे, हा दुसरा हप्ता. तिसरा थोडा हसण्यावारी नेला जातो. वाहन सुरू करण्यापूर्वी आम्ही त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतो. पुढे वाकून पाहतो, चाकांजवळ पाहतो, मागे जाऊन पाहतो. आवारात खेळणाऱ्या मुलांनी याला नाव ठेवले आहे : "फादर गाडीला प्रदक्षिणा घालतात." थॉमस अक्वायनस यांचा तो शब्द मराठीत आणण्यासाठी आम्ही पुष्कळ धडपडलो होतो, मुलांना तो सहज सापडला.

आता कुणी नव्या वाहनावर आशीर्वाद मागायला आले, की आम्ही पाणी शिंपडण्यापूर्वी घरच्या मंडळींना सोबत घेऊन ती फेरी मारतो, आणि चालवणाऱ्याला बॉनेटपुढे खाली बसायला सांगतो. त्याच्या जागी, चाकामागे, त्याच्या मुलाला किंवा पत्नीला बसवतो आणि विचारतो, "बाबा दिसतात का?" उत्तर बहुतेक वेळा एकच असते. मग सारे हसतात. तो माणूस मात्र उठताना थोडा गंभीर झालेला असतो. पेढा त्यानंतर.